मध्यावस्थेतली रांग: सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन १

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. मुळाच्या टोकाशी, सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) मध्यावस्थेत, ही १६ एकेकटी पेशीच्या मधोमध, मध्यप्रतलावर येतात. प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रे (त्याच्या जोडलेल्या दोन प्रती) विरुद्ध ध्रुवांच्या, म्हणजे पेशीच्या टोकांच्या, तंतूंना जोडलेली असतात. दोन्हीकडून ताण बसला की जोडणी पक्की होते. एक जरी सुटे राहिले तरी पेशी पुढचा टप्पा रोखून धरते.

परागकोशात, अर्धगुणसूत्री विभाजन १ मध्ये (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या पहिल्या फेरीत), मात्र ८ जोड्या येतात. इथे एका गुणसूत्राची दोन्ही अर्धगुणसूत्रे एकाच ध्रुवाकडे, तर त्याचा समजात (त्याच प्रकारचा) जोडीदार विरुद्ध ध्रुवाकडे ओढला जातो. ताण टिकतो तो जनुकीय विनिमयातून (जोडीदारांमधल्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून) झालेल्या गाठींमुळे; गाठच नसेल तर जोडी भरकटते. कोणती जोडी कुठल्या तोंडाने उभी राहील हे ठरलेले नसते, म्हणून कांद्यात २५६ मांडण्या शक्य होतात, माणसात सुमारे ८४ लाख.

चुकाही इथेच जास्त महागात पडतात. मानवी अंडपेशी या टप्प्याआधी अनेक वर्षे थांबलेली असते. अर्धगुणसूत्रांना बांधणारे प्रथिन वयानुसार झिजते, आणि २१ वी जोडी विलग न झाल्यास डाऊन सिंड्रोम संभवतो.

प्रयोगात मुळाचे शेवटचे २-३ मिलिमीटरच घ्या. जोड्या पाहायच्या असतील तर मूळ नव्हे, न उमललेली कळी हवी.