लॅम्बोचा बर्फ की ॲरोहेडचे १३ सेकंद?

जानेवारी २०२२ चा तो शनिवार-रविवार आठवला की अजूनही अंगावर काटा येतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, चार सामने, आणि चारही शेवटच्या खेळीवर सुटले. त्यातला एकच पुन्हा पाहायचा तर कोणता?

बहुतेक जण ॲरोहेड स्टेडियमवरचा चीफ्स-बिल्स सामना म्हणतील. निर्धारित वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत २५ गुण! बिल्स तीन गुणांनी पुढे, घड्याळात १३ सेकंद. चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) महोम्सने दोनच पास टाकले, एक हिलला, एक केल्सीला, आणि बटकरने ४९ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये नाणेफेक हरलेल्या बिल्सच्या क्वार्टरबॅक ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. ४२-३६ ने चीफ्स जिंकले. फार जिव्हारी लागलं ते. नंतर प्लेऑफपुरता ओव्हरटाइमचा नियमच बदलला, दोन्ही संघांना चेंडूची संधी मिळू लागली.

तरी माझं मन लॅम्बोवर, म्हणजे पॅकर्सच्या घरच्या मैदानावर, तिथल्या फोर्टीनाइनर्स-पॅकर्स सामन्यावर जडलंय. तिथे आतषबाजी नव्हती. हाडं गोठवणारी थंडी, भुरभुरणारा बर्फ, पॅकर्स १०-३ ने पुढे. पाचेक मिनिटं उरली असताना पॅकर्सचा पंट, म्हणजे चेंडू दूर धाडणारी किक, अडवला गेला. चेंडू वर उडाला, खाली टप्पा पडला, सगळे क्षणभर त्याला शोधत राहिले. फोर्टीनाइनर्सच्या हुफांगाने तो उचलला आणि सहा यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलपट्ट्यात नेला. फोर्टीनाइनर्सच्या आक्रमक फळीने त्या रात्री एकही टचडाउन केला नाही, तरी ते जिंकले. शेवटी त्यांच्या गूल्डची ४५ यार्डांची किक, १३-१०, आणि भरलेलं लॅम्बो एकदम चिडीचूप.