थर्मोडायनॅमिक्स का स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स?

भाचा विचारतोय, मामा, प्रोजेक्टला दोन्हीतलं कुठलं घेऊ. थर्मो म्हणजे उष्णता आणि कामाचं शास्त्र, स्टॅट म्हणजे तेच असंख्य रेणूंच्या सरासरीवरून समजावणारं. मेहनत बघितली तर थर्मोला रेणूबिणू लागत नाहीत, फ्रेंच इंजिनिअर कार्नोनं 1824 मध्येच उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्यक्षमतेची मर्यादा सांगितली, तीपण उष्णतेला द्रव समजून, आणि निष्कर्ष अजून टिकलाय की! स्टॅटचं गणित डोकं खातं, पण आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो म्हणजे होतं काय, ते तेच सांगतं, हवेच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढते. थर्मो अख्खं स्टॅटमधून निघतं म्हणतात, तेवढं सोपं नाही बरं का. रेणूंचे नियम काळ उलटा फिरवला तरी चालतात, एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) मात्र बाहेरून काही न येणाऱ्या-जाणाऱ्या व्यवस्थेत वाढतच जाते, स्टॅटचा पाया घालणाऱ्या बोल्ट्झमनला शास्त्रज्ञ लोश्मिटनं 1876 मध्ये इथंच अडवलं. चादरीच्या कारखान्यातला बॉयलर, फ्रिज असलं काही करायचं तर थर्मो. 'का' विचारायची खोड असेल तर स्टॅट घे.