जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट: पहिलं सेमिस्टर संपल्यावरचा अनुभव

जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचा दाखला), अ‍ॅडमिशन लेटर, इन्शुरन्स असं बरंच काही जोडावं लागतं. व्हिसा हातात आला की यातले बहुतेक कागद फाइलमध्ये जाऊन बसतात. ब्लॉक्ड अकाउंटशी, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्याशी, मात्र दर महिन्याला गाठ पडते, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. व्हिसाच्या दृष्टीने हे काम सोपं गेलं: पैसे जमा झाले, कन्फर्मेशन आलं, ते अर्जाला जोडलं. इथे आल्यावर साधं बँक खातं उघडायचं, मग त्यात महिन्याला ९९२ युरो येतात. त्याहून जास्त हवे असले तरी मिळत नाहीत.

खरी ओढाताण होते ती पहिल्या महिन्यात. आमच्या प्रोव्हायडरला, म्हणजे हे खातं चालवणाऱ्या कंपनीला, पैसे सोडण्याआधी पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, हवी होती. नोंदणीसाठी घरमालकाचं पत्र लागतं आणि अपॉइंटमेंटही लवकर मिळत नाही. सपोर्टला मेल केले की तेच ठरलेलं उत्तर यायचं. भाडं, डिपॉझिट, सेमिस्टरची फी मात्र थांबत नव्हती. घरून वेगळे आणलेले पैसे होते म्हणून निभावलं. निदान दोन महिन्यांचा खर्च या खात्याबाहेर ठेवाच, हे मी प्रत्येक ज्युनियरला सांगते.

डिपॉझिटबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असावी. कायद्याने ते हीटिंग-पाणी वगळून तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. मी घरमालकांना हप्त्यांबद्दल विचारलं, ते लगेच हो म्हणाले. पहिल्या महिन्याचा भार केवढा हलका झाला!

पैसे सुरू झाल्यावर तक्रारीला जागा राहिली नाही. रक्कम वेळेवर येते. वर्षाचे सगळे युरो एकदम घेतलेले असल्यामुळे पुढे रुपया घसरला तरी झळ बसत नाही. एज्युकेशन लोन असेल तर मात्र सगळ्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, तो हिशोब घरी बसून आधीच करा. ९९२ युरो छोट्या शहरात शेअरिंगच्या खोलीत राहून पुरतात. म्युनिकमध्ये यातला मोठा वाटा भाड्यातच जातो.

वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पार्टटाइम नोकरी लागली की पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. रेसिडेन्स परमिट वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते, तेव्हा त्या उपयोगी पडतात.