‘आपोआप अडणाऱ्या’ यंत्राने लावलेली वाईट सवय: क्लाइंबिंगच्या सामानाचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले क्लाइंबिंग शिकते आहे. आठवड्यातून दोनदा कृत्रिम भिंतीवर, सगळं टॉप रोपने, म्हणजे दोर आधीच वरून आलेला आणि खालून जोडीदाराने धरलेला. त्याशिवाय चार वेळा खऱ्या कातळावर गेले, तेही जाणत्या लोकांनी वर अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) लावून दिल्यावर. म्हणजे मी अजून नवशिकीच आहे, लीड क्लाइंबिंगबद्दल (दोर स्वतःच वर नेत चढण्याबद्दल) मला विचारू नका. पण हार्नेस (कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा), शूज, बिलेचं म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायचं यंत्र, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), हेल्मेट हे सगळं स्वतःच्या पैशाने घेतलंय आणि घासून वापरलंय, त्यामुळे त्याबद्दल बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी बिलेचं यंत्र, कारण सगळ्यात जास्त भरवसा मी त्याच्यावर ठेवला आणि तिथेच चुकले.

ही यंत्रं ढोबळमानाने दोन जातींची. एक साधं ट्यूब: त्यातून दोराचा वेढा काढून कॅराबिनरमध्ये अडकवायचा. दोर वळतो, घासतो, आणि त्या घर्षणाच्या जोरावर खालचा माणूस वरच्याला तोलून धरतो. दुसऱ्या जातीत आत एक फिरणारा खटका असतो. दोराला झटका बसला की तो फिरतो आणि दोर चिमटतो. 1991 मध्ये आलेल्या ग्रिग्री नावाच्या यंत्राने हा प्रकार रुळवला, आता अनेक कंपन्या तसली यंत्रं काढतात. मी त्यातलंच एक घेतलं. महाग होतं, पण म्हटलं जिवाचा प्रश्न आहे.

पहिले तीन महिने छान गेले. इतके छान की माझा उजवा हात, म्हणजे दोर रोखून धरणारा ब्रेकचा हात, कधी दोरावरून सुटायला लागला ते कळलंच नाही. कधी केस मागे सार, कधी वरच्याला ‘डावीकडचा होल्ड (पकड) बघ’ म्हणून बोट दाखव. एकदा आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी मागून येऊन गुपचूप दोर धरला आणि विचारलं, “हात कुठे आहे तुझा?” मी म्हटलं, “सर, यंत्र अडलं असतं की!”

त्यांनी वाद घातला नाही. माझ्या यंत्रात एक बारीक दोर ओवला, मला जमिनीवरच उभं केलं आणि दोर हळूहळू ओढत गेले. झटका नाही, नुसती सावकाश ओढ. दोर आरामात सरकत राहिला, खटका हललाही नाही. “बघ,” म्हणाले, “अडलं?”

त्यानंतरचे सहा आठवडे त्यांनी मला फक्त ट्यूब वापरायला लावलं. ट्यूबमध्ये हात सुटला तर काहीच उरत नाही, आणि हे डोक्याला माहीत असलं की हात आपोआप शहाणा होतो. ओढा, खाली ब्रेक, डावा हात उजव्याच्या खाली आणा, उजवा वर सरकवा. या चक्रात उजवा हात दोरावरून कधीच उठत नाही. मला विचाराल तर सुरुवात ट्यूबनेच करा, अर्थात शिकवणारा शेजारी उभा असताना. खटक्याचं यंत्र नंतर घ्या. उलट मत असणारेही पुष्कळ आहेत, खटका असेल तर नवशिक्याची एखादी चूक पोटात घातली जाते असं ते म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे. पण मला तरी त्या सुखाने आळशी केलं.

त्या यंत्राची आणखी दोन दुखणी. एक म्हणजे त्यात दोर उलटा ओवता येतो. अंगावर चित्र कोरलेलं असतं, तरी मी एकदा उलटा ओवला होता. चढणाऱ्याच्या बाजूचा दोर हिसडून बघायची सवय होती म्हणून जमिनीवरच कळलं. दुसरं, चढणाऱ्याला खाली उतरवताना ओढायची यंत्राची मूठ, म्हणजे दांडी. घाबरलेला माणूस हातात असेल ते आवळतो नाहीतर ओढतो, आणि इथे मूठ ओढली की दोर आणखी सुटतो. वेग ब्रेकच्या हाताने सांभाळायचा, मूठ फक्त दार उघडायला. हे अंगवळणी पडेपर्यंत माझ्या जोडीदाराने दोन-तीनदा पोटात गोळा आणणारा प्रवास केला.

जोडीदाराचं वजन 78 किलो, माझं 52. तो पहिल्यांदा सुटला तेव्हा मी मीटरभर वर उचलली गेले आणि नडगी भिंतीवर आपटली. आता भिंतीच्या जवळ, त्याच्या पडण्याच्या रेषेतून जरा बाजूला, एक पाय पुढे ठेवून उभी राहते, आणि जमिनीवरच्या वजनाच्या पिशवीला स्वतःला बांधून घेते.

दोर मी विकत घेतला नाही, घेऊही नका इतक्यात. पण तो ताणतो हे लक्षात ठेवा. क्लाइंबिंगचा डायनॅमिक (झटका झेलायला ताणणारा) दोर नुसतं 80 किलो वजन टांगलं तरी ताणतो. सिंगल (एकच पदर वापरायच्या) दोरासाठी प्रमाणपत्रात त्या ताणाची मर्यादा 10 टक्के. बारा मीटरच्या भिंतीवर चढाई सुरू होते तेव्हा खालून वर आणि वरून परत खाली असा वीसेक मीटर दोर बाहेर असतो. म्हणजे पहिल्या दोन मीटरमध्ये सुटलेला माणूस दोर असूनही जमिनीला टेकू शकतो. सुरुवातीला दोर ताठ ठेवायचा तो यासाठी. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

गाठीबद्दल थोडं. आठाची गाठ, दुहेरी फिरवलेली, शेपूट दोराच्या जाडीच्या निदान दहापट. शिकायला दहा मिनिटं लागतात, विसरायला एक गप्पा मारणारा मित्र पुरतो. लिन हिल जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबरपैकी एक. 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स (Buoux) इथे तिने दोर हार्नेसमधून ओवला, शूज घालायला वळली आणि गाठ पुरी करायची राहिली. वर पोचून दोरावर भार टाकला आणि ती थेट खाली आली. झाडामुळे वाचली. ही गोष्ट ऐकल्यापासून मी शूज आधी घालते, गाठ नंतर, आणि गाठ बांधताना कुणाशी बोलत नाही. मग एकमेकांचं तपासणं: बकल, गाठ, यंत्र, कॅराबिनरचं तोंड बंद ठेवणारा स्क्रू. बघायचं आणि हाताने दाबूनही बघायचं.

हार्नेसबद्दल तक्रार नाही. पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, खाली ओढला तरी नितंबांवरून उतरता कामा नये. घेताना दुकानात लटकून बघा, लाजू नका. सामान टांगायच्या बाजूच्या कड्या माणसासाठी नाहीत. माझ्या हार्नेसच्या कडीची मर्यादा 5 किलो आहे.

कॅराबिनर मात्र बदलावा लागला. त्यावर किलोन्यूटनमध्ये (बल मोजायचं एकक) ताकद लिहिलेली असते: लांबीच्या दिशेने 20 च्या वर, पण आडवा भार आला तर 7-8 च्या आसपास. माझा पहिला सारखा फिरून आडवा व्हायचा. आता आत बारीक तार असलेला घेतलाय, तो हार्नेसच्या पुढच्या लूपवर (कापडी कडीवर) जागचा हलत नाही.

शूज ही माझी सगळ्यात मूर्ख खरेदी. ‘घट्ट हवेत’ असं ऐकून दोन नंबर लहान घेतले. अंगठ्याचं नख काळं पडलं आणि दुखण्यापायी मी पायांवर उभीच राहत नव्हते, सगळं हातांनी ओढत होते. दुसरा जोड सपाट, बोटं सरळ राहतील एवढाच घट्ट. त्या आठवड्यात माझी चढाई एकदम सुधारली, आणि त्याचं श्रेय मी बरेच दिवस स्वतःला देत होते.

चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिम्नॅस्टिक्समधून क्लाइंबिंगमध्ये जॉन गिलने आणला. कुठलाही घ्या, मला फरक कळला नाही. हेल्मेट भिंतीवर कुणी घालत नाही, पण कातळावर दुसऱ्याच दिवशी वरून लिंबाएवढा दगड माझ्या शेजारी पडला. तेव्हापासून चढत नसले तरी खाली उभी असताना डोक्यावर असतंच.

आठ महिन्यांनंतरची अवस्था: हार्नेसवर दोर घासतो तिथे थोडी लव आली आहे, पण झीज दाखवणारा आतला रंगीत धागा अजून दिसलेला नाही. यंत्राच्या आत दोराने खाच पाडायला सुरुवात केली आहे, नख फिरवलं तर लागते. डाव्या बुटाचं नाक मात्र झिजत आलंय, कारण मी डावा पाय भिंतीवर फरफटत नेते. तळ बदलून घ्यायचा की आधी पाय उचलायला शिकायचं, ते पुढच्या महिन्यात बघू.