आईच्या गुडघ्यासाठी आणलेला हर्बल पॅच, ५ पैकी ३ स्टार

आईचे गुडघे पावसाळा लागला की कुरकुरायला लागतात, म्हणून रत्नागिरीत मेडिकलमधून हे पॅच आणले. पाकिटावर निर्गुंडी, गंधपुरा तेल, कापूर, मेंथॉल. लावल्यावर १० मिनिटांत गारगार वाटतं, आई एकदम खूश, पण खरं सांगायचं तर मेंथॉल थंडीची जाणीव करून देणाऱ्या नसांना चाळवतं, म्हणून ठणका कमी जाणवतो, गुडघ्याची झीज काही भरून येत नाही. कातडीचा वरचा थर लई चिवट, त्यातून बारीक आणि तेलात विरघळणारे रेणूच आत जातात, मग निर्गुंडीतलं नक्की किती पोचतं देव जाणे. गंधपुऱ्यातलं मिथाईल सॅलिसिलेट मात्र शोषलं जातं, ते ॲस्पिरिनच्या घराण्यातलं, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात हवं होतं ना.

आता तक्रार. आपल्याकडच्या दमट हवेत चिकटतच नाही हो! घाम आला की कोपरे सुटतात, आई परसात गेली नि पॅच सोलकढीच्या वाटीशेजारी सापडला. दुसऱ्या दिवशी तिने त्यावरच गरम पाण्याची पिशवी ठेवली, कातडी लालेलाल, ते अजिबात करू नका, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं आणि भाजतंही.

शेजारच्या काकी म्हणतात उंडीचं तेल चोळ, फुकटात होतं. वास उग्र आहे, पण आईला चोळून घ्यायलाच जास्त आवडतं.