नागपुरात जुनं सामान ऑनलाइन विकताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

त्रिमूर्तीनगरचं घर सोडायचं ठरलं तेव्हापासून जुनं सामान ऑनलाइन विकते आहे. कूलर, स्टडी टेबल, मुलाची सायकल, फोन आणि शेवटी स्कूटर. जुन्या वस्तूंचं एक ॲप आणि सोशल मीडियावरचा बाजार, दोन्ही वापरून झाले. भंगारवाल्यापेक्षा भाव नक्कीच चांगला मिळतो. पण जाहिरात पडली की सगळ्यात आधी ठगांचे फोन येतात. खरं गिऱ्हाईक त्यांच्या मागून, संध्याकाळी, सवडीनं येतं.

कूलरचंच घ्या. आपल्याकडे लोखंडी कूलर विकायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा पाऊस पडला की कोणी विचारत नाही. मी जाहिरात टाकली आणि थोड्याच वेळात हिंदीतून फोन आला. वायुसेनानगरला पोस्टिंग आहे, आत्ताच बदलून आलोय, कूलर पसंत आहे, पैसे लगेच पाठवतो. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही आलं. भाव केला नाही. टाकी गंजली आहे का, पंप चालतो का, खस कधी बदलली, काही विचारलं नाही. नागपूरचा माणूस कूलर घ्यायला येतो तेव्हा आधी मोटरचा आवाज ऐकतो, खाली वाकून गळती बघतो आणि मग "ताई, लास्ट किती?" म्हणतो. वस्तू न बघता सांगितलेल्या किमतीला हो म्हणणाऱ्याला मी आता पुढे बोलूच देत नाही.

त्यानं नंतर क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात येतील." ठगांचा सगळा धंदा याच वाक्यावर चालतो, म्हणून इथे थांबून सांगते. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे घेताना स्कॅन नाही, पिन नाही, ओटीपी नाही, काहीच नाही. यूपीआय आयडी किंवा नंबर दिला की आपलं काम संपलं. "आधी पाच रुपये पाठवा, दहा परत येतील, आर्मीच्या खात्याची पद्धत आहे" हीसुद्धा तीच चाल. माणूस माणसाकडे पैशांची मागणी पाठवू शकायचा, ती 'कलेक्ट रिक्वेस्ट'ची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, हे फार चांगलं झालं. क्यूआर मात्र आहेच, त्यामुळे जपावं लागतंच. आणि वर्दीचा फोटो बघून आपण लगेच विश्वास टाकतो, त्या आदराचा असा वापर होतो याचा मला मनापासून राग येतो.

टेबल आणि सायकल अगदी सहज गेली. दोन्ही वेळा घरी न बोलावता छत्रपती चौक मेट्रो स्टेशनखाली दिवसा भेटले, सोबत भाऊ होता.

फोन विकताना वेगळा प्रकार दिसला. घ्यायला आलेल्या मुलानं पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, हिरवी खूण, माझं नाव, सगळं बरोबर. मेसेजही आला. पण तो दहा आकडी साध्या नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो, मोबाइल नंबरवरून नाही. मी माझ्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघितली, जमा काहीच नव्हतं. "सर्व्हर डाऊन आहे, येतील" म्हणाला. म्हटलं, आले की फोन ने दादा, मी इथेच बसली आहे. तो गेला तो गेलाच. पुढच्या गिऱ्हाइकाला फोन दिला तो पैसे खात्यात दिसल्यावर, आणि त्याआधी माझं अकाउंट काढून फॅक्टरी रीसेट करून.

आणखी एक गोष्ट मी पाळते. समोर उभा असलेला माणूस आणि पैसे पाठवणारं खातं एकाच नावाचं हवं. "माझा मित्र पाठवतोय" ऐकलं की मी नाही म्हणते. ते पैसे तिसऱ्याच कोणाला फसवून आलेले असू शकतात. त्यानं तक्रार केली तर रक्कम आपल्या खात्यात अडकते आणि बँकेच्या चकरा आपल्या नशिबी. पैसे घेणाऱ्याच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खात्यातून येणार असले तरी घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागायला लाजू नये.

स्कूटरला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागू द्यावा. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यांवर सह्या झाल्याशिवाय चावी दिली नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत कागदावर गाडी आपलीच असते, अपघात झाला तरी नोटीस आपल्या दारी येते. कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायला सांगणारा दलाल भेटला तर गाडी घरीच राहू द्या.

ओळखीतल्या एका काकांचे पैसे मात्र क्यूआर स्कॅन करून गेले. लाजेपोटी ते दोन दिवस कोणाला बोललेच नाहीत, आणि तोवर रक्कम पुढे निघून गेली होती. असं झालं तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, ठगाचा मोबाइल नंबर आणि चॅट हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातच रोखता येतात.