गिझरच्या ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हला बूच मारू नका : नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात सकाळी सव्वासहाला न्हाणीघरातून मोठा आवाज झाला आणि गिझरच्या गरम बाजूच्या पाइपचा जोड निसटून कढत पाणी समोरच्या भिंतीवर उडाले. आत कोणी नव्हते, म्हणून निभावले. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा हा गिझर आम्ही नोव्हेंबरात घेतला. पाणी तापत असताना खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकते, एवढीच माझी त्याच्याविषयी तक्रार होती आणि तेवढ्यासाठी मी त्याला दोनच तारे दिले होते.

पुण्यात आमच्या सोसायटीला टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते, त्यामुळे वाया जाणारा थेंबही डोळ्यांत खुपतो. जानेवारीत मी मापाने मोजले, तर एका खेपेला सुमारे ३४० मिली पाणी जमले. तीनदा तक्रार नोंदवल्यावर सर्व्हिस सेंटरच्या माणसाने व्हॉल्व्हच्या तोटीला बूच मारले आणि ४५० रुपये घेतले. पाच आठवड्यांनी जोड निसटला. दुसऱ्या तंत्रज्ञाने बूच पाहताच वॉरंटी रद्द झाल्याचे सांगितले. त्यांच्याच माणसाची पावती दाखवूनही व्हॉल्व्ह व पाइप विनामूल्य बदलून मिळायला अकरा दिवस गेले. या सेवेला मी एकही तारा देणार नाही.

गिझरविषयीचे मत मात्र मी बदलले आहे. पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेले की सुमारे सव्वादोन टक्के फुगते, म्हणजे १५ लिटरला ३०० मिलीहून अधिक. व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, असल्यामुळे हे वाढलेले पाणी मागे गच्चीवरच्या टाकीकडे जाऊ शकत नाही आणि नळ बंद असेल, तर आतला दाब चढत जातो. तो ८ बारच्या आसपास पोचला की व्हॉल्व्ह थोडे पाणी सोडतो. मी दोष गच्चीवरच्या प्रेशर पंपाला देत होतो, पण तो जेमतेम दीड बार दाब देतो. धोका पंपाचा नव्हे, गिझरच्या बंद टाकीत तापणाऱ्या पाण्याचा होता. बूच मारल्यावर त्या दाबाने सर्वांत कच्चा जोड शोधला.

तापमानाकडेही तेव्हाच लक्ष गेले. नॉबवर आकडे नाहीत, फक्त जाड होत जाणारी रेघ आहे. काचेच्या थर्मामीटरने पाहिले, तेव्हा शेवटच्या टोकाला पाणी ७४ अंश निघाले. ६० अंशांच्या पाण्याने सुमारे पाच सेकंदांत त्वचा गंभीर भाजते आणि ७० च्या पुढे एक सेकंदही पुरतो. ज्या घरात आई पंचाहत्तरीची आहे, तिथे हे चालणार नाही. उलट पाणी फारच कोमट ठेवणेही बरे नाही, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनियाचे जंतू वाढतात आणि ६० अंशांना ते टिकत नाहीत. म्हणून मी नॉब ६० वर आणून तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, असा नियम घरात केला आहे. ७५ ऐवजी ६० अंश ठेवल्याने पाणी तापायला २६ मिनिटांऐवजी १८ मिनिटे पुरतात आणि ठिबकणेही २०० मिलीच्या आसपास आले आहे.

तोटीला पातळ नळी लावून ते पाणी मी बादलीत घेतो व लादी पुसायला वापरतो. गिझर बंद असतानाही सतत ठिबकू लागले, तर मात्र व्हॉल्व्ह बिघडला आहे किंवा येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे, असे समजावे. टँकरच्या जड पाण्याचे क्षार बसून व्हॉल्व्ह अडकू नये म्हणून महिन्यातून एकदा, पाणी गार असताना, मी त्याची छोटी दांडी उचलून पाहतो. परवा उचलली, तेव्हा आधी पांढरट कण आले, मग स्वच्छ पाणी आले आणि दांडी सोडताच धार थांबली.